तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली मुलगी

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या नीलाताईंचा फोन आला, तेव्हा त्यांनी विषयही ठरवून टाकला होता. म्हणाल्या, "तुम्ही वर्गात आवाज चढवत नाही म्हणे. एवढ्या लहान मुलांमध्ये राहून माणूस शांत कसा राहतो, ते लिहा. आमच्या सुनेला वाचायला देईन, तीही यंदा शाळेत लागली."

मी हो म्हटलं आणि पुढचे आठ दिवस एक ओळ लिहू शकलो नाही. ही शांती कुठून आली ते खरं सांगायचं तर एका मुलीबद्दल बोलावं लागतं. त्या मुलीशी मी जे केलं ते मंडळात कोणाला माहीत नाही. घरी बायकोला माहीत आहे. मला कागदापुढे बसलेला पाहून ती म्हणाली, "खरं लिहायचं नसंल तर काहून लिहून राहिले?" म्हणून खरं लिहितो. मुलीचं नाव मात्र बदललं आहे. इथे तिला दुर्गा म्हणू.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. राहतो दीक्षितपुऱ्यात, शाळा तिलवाऱ्याच्या अलीकडे, नर्मदेपासून चालत पंधरा मिनिटांवर. शाळा हिंदी माध्यमाची. घरी मराठी आणि वर्गात हिंदी अशी माझी विभागणी आहे. पूर्वी रागावलो की तोंडून मराठी निघायची. मुलांना शब्द कळत नसत, पण अर्थ बरोबर कळायचा. ती एकदम गप्प होत आणि मी समजायचो की वर्ग ताब्यात आला.

दुसरी आणि तिसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत माझ्याकडे आहेत. खडूची एक उभी रेघ मारून फळ्याचे दोन भाग केलेले. एका बाजूला दुसरीची बाराखडी, दुसऱ्या बाजूला तिसरीचा गुणाकार. मुलं टाटपट्टीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तागाच्या पट्टीवर बसतात. एका गटाला लिहायला लावायचं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, मग उलट. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात लिहिणारे लिहीत नाहीत आणि वाचणाऱ्यांचं ऐकू येत नाही. मग शिक्षक ओरडतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर एक गोष्ट कबूल करतो. आमचं ओरडणं बहुतेक वेळा मुलांसाठी नसतंच. या खोलीत काम चालू आहे हे शेजारच्या खोलीतल्या शिक्षकाला आणि व्हरांड्यातून फिरणाऱ्या प्रधान पाठकांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, कळावं, म्हणून ते असतं.

वाचनाचंही थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. मूल आधी अक्षर ओळखतं, मग शब्द, मग वाक्य, मग गोष्ट. वर्षातून एकदा पाहणीचं पथक येतं. मुलं त्याला नुसतं 'टीम' म्हणतात. टीम एकेका मुलाला बाहेर बोलावते, हातात पाच ओळींची गोष्ट देते आणि दोन मिनिटांत ते कुठल्या पायरीवर आहे ते लिहून घेते. त्यावरून वर्गाची सरासरी निघते, वर्गांवरून शाळेची. नंतर आमच्या भागातल्या सगळ्या शाळांची क्रमवारी मोबाईलच्या ग्रुपवर येते. खाली कोणाचं नाव आहे ते सगळ्यांना दिसतं आणि अंगठे मात्र वरच्यांना मिळतात.

यावर आमच्याकडे एक जुना उपाय होता. टीम येण्याच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलांना सांगायचं की उद्या येऊ नका. या मुलांना आम्ही स्टाफमध्ये 'छुट्टीवाले' म्हणत असू. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मुलांना सुट्टी, शिक्षकाला सरासरी. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. आधीच्या शाळेत, शहपुऱ्याला होतो तेव्हापासून.

त्या डिसेंबरात माझ्या यादीत पाच मुलं होती. दुर्गा त्यांतली एक. दुसरीत होती. आई तिलवाऱ्याच्या घाटावर पळसाच्या पानांचे दोने, म्हणजे द्रोण, करून विकायची. पाणी उतरलं की वडील नदीच्या वाळूत काकडी-खरबुजाची वाडी लावायचे. मुलगी अबोल. शाळेत रोज यायची, केस चप्प बसवून, आणि पुस्तक उघडून त्याच्याकडे बघत राहायची. अक्षरं अर्धीच यायची. मी तिला वाचायला सांगणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिच्यावर घालवलेल्या वेळात तिघांचं वाचून होतं असा माझा हिशेब.

आदल्या दिवशी निरोप आला की टीमची तारीख नक्की नाही, उद्या येईल किंवा चार दिवसांनी. मग मी त्या पाचांना दाराशी उभं केलं आणि म्हटलं, "अभी घर पे ही रहो. टीम चली जाए, फिर मैं बुलाऊँगा, तब आना."

चौघं हसत पळाली. दुर्गानं विचारलं, "आप बुलाओगे?"

"हाँ हाँ, मैं बुलाऊँगा," मी म्हणालो आणि हजेरीपट घेऊन आत गेलो.

टीम दुसऱ्या दिवशी आली नाही. चार दिवसांनीही नाही. मग थंडीमुळे शाळेच्या वेळा बदलल्या, कुठली तरी सरकारी यादी भरायची निघाली आणि पाहणी पुढच्या सत्रावर गेली असं ऐकू आलं. चौघं छुट्टीवाले कंटाळून आपापले परत आले. कोणी भावासोबत आला, कोणी दुपारच्या जेवणाच्या वेळेला. त्यांना बोलावण्याची गरज पडली नाही, म्हणून मला बोलवायचं आठवलंही नाही.

दुर्गाची जागा रिकामी होती. ती मला दिसत नव्हती असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिसत होती. पण मूल सलग गैरहजर दाखवलं की शाळा सोडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव जातं, घरी जावं लागतं, कागद करावे लागतात. म्हणून मी तिला हजर मांडत गेलो. रोज सकाळी, तिच्या नावापुढे, एक 'उ'. उपस्थित.

जानेवारीतली एक सकाळ होती. हजेरी नुकतीच झाली होती. तिसरीचा एक गट भांडत होता आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो, मराठीत. तेवढ्यात दुर्गाची चुलतबहीण काजल उठून उभी राहिली. ती तिसरीत होती, जरा तोंडाळ. मी श्वास घ्यायला थांबलो, त्या फटीत तिनं विचारलं, "सरजी, दुर्गा को कब बुलाओगे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"वो रोज तैयार होके बैठती है. चाची कहती हैं जा, तो कहती है सर बुलाएँगे तब जाऊँगी."

मी हजेरीपटाकडे पाहिलं. त्या दिवसाचा 'उ' अजून ओला होता. मागचे 'उ' मोजले. सव्वीस दिवस.

शाळा सुटल्यावर नदीवर गेलो. वाटेत बिस्किटांचा पुडा घेतला. तो का घेतला याची आजही लाज वाटते. दुर्गाचं सगळं घरच वाडीवर राहायला उतरलं होतं, वाळूत पानांचं खोपट करून. आई पानं टाचत होती. दुर्गा तिच्या बाजूला बसून काड्यांचे तुकडे करत होती. अंगात शाळेचा निळा फ्रॉक होता. साडेचार वाजून गेले होते.

मला पाहून ती उभी राहिली आणि म्हणाली, "टीम चली गई?"

टीम आलीच नव्हती हे मला सांगता येईना. तिची आई म्हणाली, "मास्साब, हम तो रोज भेजते थे. ये मानती नहीं. कहती थी, सर ने बोला है. हमने सोचा, पढ़ने में कमजोर है, सो आपने नाम काट दिया होगा." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मला बसायला पोतं झटकून देत होती.

मी आईला म्हटलं की माझ्याकडून विसर पडला, माफ करा. दुर्गाला काही म्हणालो नाही. तिला बिस्किटं दिली आणि म्हटलं, कल से आना. आईजवळ माफी मागणं सोपं होतं. ज्या मुलीनं सव्वीस सकाळी माझ्या शब्दावर फ्रॉक घातला, तिच्याशी बोलायला तोंड नव्हतं.

प्रधान पाठक तिवारीजींना हजेरीचं सांगितलं. ते भले माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी दार लोटून घेतलं. "भैया, जो लिख गया सो लिख गया. अब काटोगे तो सबकी पोथी खुलेगी." मी काटलं नाही. ते सव्वीस 'उ' शाळेच्या कपाटात तसेच आहेत. या लेखातली सगळ्यात जड ओळ ही आहे.

दुर्गा दुसऱ्या दिवशी आली. आपल्या जागेवर बसली. शाळा सुटली, मुलं दप्तरं घेऊन धावली, आणि ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, कल आना है?"

"हाँ, आना है."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, आठवड्यानं थांबेल. थांबलं नाही. रोज चार वाजता ती यायची, दप्तर पोटाशी धरून, आणि विचारायची की उद्या यायचं का. आवाजात तक्रार नव्हती. पावसाची चौकशी करावी तसं विचारायची.

पहिले काही दिवस मी ते कसंबसं निभावलं. एक दिवस दिवसभर ओरडून डोकं दुखत होतं, कागद भरायचे होते, आणि ती येऊन उभी राहिली. मी खेकसलो, "हाँ बाबा हाँ." ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

काजलबरोबर निरोप पाठवला, तेव्हा ती परत आली. पण त्या दिवशी मला नीट कळलं की मला काय करायचं आहे. चार वाजता एक वाक्य तिला विश्वास बसेल असं म्हणायचं होतं. आणि दिवसभर चिडून, घसा फोडून, चार वाजता ते वाक्य नीट निघत नाही. बारा वाजल्यापासूनच त्याची तयारी ठेवावी लागते.

मधल्या काळात आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, शिक्षकांनी तणावमुक्त कसं राहावं यावर. प्रशिक्षकांनी डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं. मागच्या रांगेत कोणीतरी घोरू लागलं, बाकीचे हसले, तर प्रशिक्षकच माइकवर गरजले, "शांत रहिए!" तिथून मी एक रंगीत फोल्डर आणि समोसा घेऊन आलो. माझा उपाय त्यापेक्षा साधा निघाला. मी खुर्ची व्हरांड्यात काढून ठेवली आणि टाटपट्टीवर बसून शिकवू लागलो. मांडी घालून बसल्यावर ओरडायला पोटात जोर येत नाही, प्रयत्न करून पाहा. शिवाय खाली बसलं की वर्ग वेगळा दिसतो. उभं असताना मला तीस डोकी दिसत. बसल्यावर कोण कोणाचं पाहून लिहितो आहे, कोणाच्या पाटीवर एकच अक्षर दहादा आहे, कोणाच्या पायाला जखम आहे, हे दिसू लागलं.

पहिले पंधरा दिवस वर्गात गोंधळ होता. शेजारच्या खोलीतल्या मॅडम येऊन म्हणाल्या, "सर, तबियत ठीक है? आवाज नहीं आ रही आपकी." तिवारीजी दारातून डोकावून म्हणाले, "कक्षा है कि पंगत बैठी है?" मी म्हटलं, "पंगतच समजा, वाढून राहिलो." मराठी त्यांना कळली नाही, मुलांनाही नाही, तरी मुलं हसली.

घरीही फरक पडला असावा. बायको एकदा म्हणाली, "आजकाल भाजीत मीठ कमी असलं तरी तुम्ही वर्ग घेत नाही." हे तिनं कौतुकानं म्हटलं की टोमण्यानं, ते विचारलं नाही.

पण दुर्गा वाचत नव्हती. आधी निदान अर्धी अक्षरं म्हणायची. परत आल्यापासून पुस्तकावर बोट ठेवलं की ओठ मिटायची. सगळं करून पाहिलं. चित्रं, गाणी, काजलला शेजारी बसवणं. काही नाही. आणि कारण मला माहीत होतं. तिला कळून चुकलं होतं की वाचता न येणाऱ्या मुलांना लपवतात. न वाचता बसलं तर निदान ते कोणाला ऐकू जात नाही.

फेब्रुवारीत एका सोमवारी मी हजेरीनंतर फळ्याकडे गेलो नाही. मुलांमध्ये बसलो आणि म्हटलं, "मला एक सांगायचं आहे." हिंदीत म्हटलं, अर्थात. डिसेंबरात मी पाच जणांना घरी राहायला सांगितलं होतं. त्यांना वाचता येत नाही हे टीमला दिसू नये म्हणून. वाचायला शिकवण्याचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नव्हतं, म्हणून मला भीती वाटली. दुर्गाला बोलावतो म्हणालो आणि विसरलो. दुर्गा, चूक माझी होती.

मग त्या पाचांतला एक म्हणाला, "सर, मेरे को तो मजा आया था." वर्ग हसला. मीही हसलो. दुर्गा हसली नाही. काजलनं तिला कोपर मारलं, "बोल ना, कोई बात नहीं." दुर्गानं तेही म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी नजर काढून घेतली नाही. तेवढंच त्या दिवशी जमलं.

वाचायला ती तीन आठवड्यांनी लागली. एकदम नाही. एक दिवस मी दुसऱ्या मुलाच्या पुस्तकावर बोट ठेवून 'नाव' हा शब्द फोडून दाखवत होतो, हिंदीतला नाव म्हणजे होडी. मागून बारीक आवाज आला, "नाव." मी वळून पाहिलं नाही. पुढचा शब्द थोडा लांब ठेवला आणि थांबलो. एवढी वर्षं शिकवून मला थांबता येत नव्हतं. मूल अडखळलं की शब्द मी सांगून टाकायचो, माझा वेळ वाचवायला. आता मनातल्या मनात वीसपर्यंत मोजू लागलो. वीस खूप लांब असतात. कधी अठराव्याला शब्द यायचा.

चार वाजताचा तिचा प्रश्न कधी बंद पडला ते मात्र मला सांगता येत नाही. लक्षात आलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते.

पुढच्या सत्रात दुर्गा तिसरीत गेली, म्हणजे खोली तीच, मी तोच. टीमची तारीख आली. आदल्या दिवशी तिवारीजी वर्गात आले.

"भैया, लिस्ट बना ली?"

"नहीं बनाई."

"तुम्हारे यहाँ सात-आठ तो होंगे."

"नऊ आहेत," मी म्हटलं, मग हिंदीत सांगितलं, नौ. सगळे येतील.

ते खाली वाकून हळू बोलले. "मेरे दो साल भी नहीं बचे. आखिर में नीचे नाम लगवाओगे?" मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी मला कधी त्रास दिला नव्हता. मी म्हटलं, नाव माझं लावा, माझ्या वर्गाचं आहे. आणि शाळा सुटताना सगळ्या तीस मुलांना सांगितलं की उद्या टीम येणार आहे, उद्या प्रत्येकानं यायचं.

सगळी आली. एक ताप असतानाही आला; त्याचं वाचन पहिलं लावलं, तरी नंतर त्याला घरी पाठवायला मला बराच वेळ लागला.

टीममध्ये एक तरुण मुलगी होती, भली, घाईत. तिनं व्हरांड्यात टेबल मांडलं. दुर्गाची पाळी आली तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. पहिली ओळ तिनं वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीतल्या जोडाक्षरापाशी थांबली. टीमच्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "बस, हो गया?"

"नईं दीदी, अभी पढ़ रही हूँ."

ती मुलगी थोडं थांबली. तिच्यापुढे अजून कितीतरी मुलं होती. तिनं कागदावर 'वाक्य' या पायरीपुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. दुर्गा उठली नाही. बोट तिथेच ठेवून तिनं ते जोडाक्षर सोडवलं, तिसरी ओळ संपवली, चौथीला लागली. पुढचा मुलगा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. पाचवी ओळ संपल्यावर तिनं कागद नीट परत दिला. खूण बदलली नाही. मीही बदला म्हणालो नाही. नियम सगळ्यांना सारखा होता आणि तिचं वाचून झालं होतं.

निकाल आला. माझ्या वर्गाची सरासरी मागच्या वेळेपेक्षा बरीच खाली, शाळा आमच्या भागात शेवटून दुसरी. ग्रुपवर अंगठे वरच्यांना मिळाले. मग पत्र आलं की वर्गाचा स्तर का घसरला याचं लेखी कारण सात दिवसांत द्यावं.

तिवारीजींनी मला कारणं सुचवली. पालकांचं स्थलांतर, दोन वर्ग एका खोलीत, शिक्षकाला दिलेली इतर कामं. सगळी खरी होती. मी घरी दोन पानांचा मसुदाही केला. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे सगळं तर मागच्या वेळी पण होतं नं?"

दुसऱ्या दिवशी शाळेत नवा कागद घेतला आणि हिंदीत एवढंच लिहिलं: कारण, पाहणीच्या दिवशी वर्गातली सर्व मुलं उपस्थित होती.

तिवारीजींनी चष्मा लावून वाचलं. कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं. "आगे कुछ नहीं लिखोगे?"

"नहीं."

त्यांनी खण उघडला. मग शिक्का काढला, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि लिहिलं, अग्रेषित. म्हणजे पुढे पाठवलं. "जाने दो," म्हणाले, आणि त्यांनी चपराश्याला हाक मारली.

त्या पत्राला उत्तर आलेलं नाही. दुर्गा आता वरच्या वर्गात आहे, दुसऱ्या मॅडमकडे. मधल्या सुटीत खोलीवरून जाताना कधी आत बघते, कधी बघत नाही. यंदाच्या पाहणीची तारीख परवा कळली. माझ्याकडे एकतीस मुलं आहेत, त्यांतल्या अकरा जणांचं वाचन अजून शब्दापाशीच अडलं आहे. अजून सात आठवडे आहेत.